‘शोपॅं’ की ‘चॉपिन’? आधी स्पेलिंग बाजूला ठेवा

प्रश्न : मी सांगलीची. पंधराएक वर्षं भावगीतं, गझला, नाट्यसंगीत अशा कार्यक्रमांचं निवेदन करते. माझी मुलगी पियानो शिकते. गेल्या वर्षी तिच्या क्लासच्या वार्षिक कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे आलं. पत्रिका इंग्रजीत होती. मी ‘चॉपिन’ म्हटलं आणि पहिल्या रांगेतले एक गृहस्थ मोठ्याने ‘शोपॅं, शोपॅं!’ असं म्हणाले. सभागृह हसलं. त्यानंतरचा तासभर मी काय बोलले ते मला आठवत नाही. यंदा बाईंनी परत विचारलंय. बाख, मोझार्ट, चोपिन, द्वोराक, सेंट-सेन्स, डेबसी, बार्टोक अशी यादी आहे. शिवाय प्रागहून एक चेलोवादक पाहुण्या येणार आहेत. निवेदन मराठीतच हवं आहे. मी नाही म्हणू का? आणि हो म्हटलं, तर मराठी वाक्यात मधेच फ्रेंच उच्चार केल्यावर लोक म्हणणार नाहीत का, की बघा किती मिरवते?

उत्तर : ताई, हो म्हणा. आजच फोन करून कळवा, म्हणजे मनातली घालमेल थांबेल आणि तयारीला लागता येईल.

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण खरी अडचण तिथे आहे. तुम्ही पंधरा वर्षं गझलेच्या मैफिलींचं निवेदन करताय. पहिल्या दिवशी तुम्ही ‘गजल’च म्हणाला असाल. पुढे कुणीतरी सांगितलं असेल, किंवा गाणाऱ्यांकडून ऐकून कानाला कळलं असेल, की ‘ग़’ घशातून येतो, ‘ज़’ दातांजवळ घासून येतो, ‘ख़याल’मधला ‘ख़’ आपल्या खडूतल्या ‘ख’सारखा नाही. ते तुम्ही शिकलात. सांगलीत कुणी तुम्हाला म्हटलं का, की नुक्ते मिरवते म्हणून? उलट त्या उच्चारांमुळेच तुम्हाला परत परत बोलावलं गेलं. मग सॅं-साँसच्या, म्हणजे तुमच्या यादीतल्या ‘सेंट-सेन्स’च्या, नावासाठी घेतलेली मेहनत तेवढी मिरवणं कसं ठरेल? मेहनत तीच आहे.

आपल्या माणसांची नावं दुसरीकडे कशी घेतली जातात, तेही आठवून बघा. किशोरी आमोणकरांचं आडनाव हिंदीत ‘अमोनकर’ होतं. ‘आ’चा ‘अ’ होतो आणि ‘ण’ नाहीसाच होतो. भातखंड्यांचं नाव रोमन लिपीतून वाचणारा ‘भटखंडे’ म्हणतो. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचा ‘ळ’ सांगलीच्या बाहेर थोडं लांब गेलं की ‘ल’ होतो. आपल्याला ते टोचतं. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याने कागदावरची अक्षरं वाचलेली असतात एवढंच. गेल्या वर्षी तुमचंही तेच झालं. ‘चॉपिन’ ही तुमची चूक नाही, ती पत्रिकेवरच्या स्पेलिंगची चूक आहे. त्या नावावर इंग्रजी वाचनाचे नियम चालवले गेले, आणि ते नाव इंग्रजी नाहीच.

माझं म्हणणं एवढंच आहे : ही नावं इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आली, म्हणून ती आपल्याला अवघड वाटतात. इंग्रजी बाजूला काढा आणि थेट मराठी तोंडाने ती घेऊन बघा. निम्म्याहून जास्त आवाज आपल्याकडे लहानपणापासून आहेत, आणि काही तर इंग्रजी बोलणाऱ्यालाही सहज येत नाहीत असे आहेत.

मोझार्टचंच घ्या. जर्मनमध्ये ते ‘मोत्सार्ट’ आहे. हा ‘त्स’ म्हणताना लोक अडखळतात, पण मराठी माणसाने अडखळायचं कारण नाही. ‘चहा’मधला ‘च’ म्हणा, मग ‘चूल’मधला ‘च’ म्हणा. जीभ वेगळ्या जागी लागते ना? ‘चूल’, ‘चाक’, ‘चमचा’ यांच्यातला हा दंत्य ‘च’ म्हणजेच तो ‘त्स’. ‘मो’ म्हणा आणि पुढे ‘चाक’मधला ‘चा’ जोडा, झालं मोत्सार्ट. हिंदी बोलणाऱ्याला हा ‘च’ शिकावा लागतो, तुम्हाला तो आईकडून मिळालाय. हाच आवाज इटालियन ‘पित्सिकातो’मध्ये आहे. गज न वापरता बोटाने तार छेडायची असते, तिथे स्वरलिपीत हा शब्द लिहितात. ‘स्केर्त्सो’मध्येही तोच. आणि ‘मेझ्झो’ असं जे आपण वाचतो, त्यातला आवाज ‘जागा’मधल्या ‘ज’चा आहे, ‘जीव’मधल्या नव्हे. दोन ‘च’ आणि दोन ‘ज’ असलेली आपली भाषा या कामाला फार सोयीची आहे.

दुसरी सोय ‘त’ आणि ‘द’ची. इंग्रजीतून आलो की सगळीकडे ‘ट’ आणि ‘ड’ येतात : सोनाटा, कॉन्सर्टो, अँडांटे. इटालियन ‘त’ आपल्या ‘ताट’मधल्या ‘त’सारखा दातांना जीभ लावून होतो. म्हणून सोनाता, कोन्चेर्तो, आन्दान्ते. फ्रेंच आणि हंगेरियनमध्येही ‘त’ दंत्यच आहे. तिसरी सोय जोडाक्षरांची. ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांत आपण कधी गोंधळत नाही. इटालियनमध्येही दुहेरी व्यंजन खरोखरच दुहेरी म्हणायचं असतं : पुच्चीनी, रोस्सीनी, स्कार्लात्ती, आल्लेग्रो. इंग्रजी बोलणारा तिथे एकेरी ‘च’ आणि एकेरी ‘ल’ म्हणून मोकळा होतो. तुम्ही ‘पक्का’ म्हणता तसं ठासून ‘आल्लेग्रो’ म्हणा.

इटालियन वाचायचे दोन-तीन नियम तेवढे ध्यानात ठेवा, ते कायम उपयोगी पडतील. रोमन ‘सी’ अक्षरापुढे ‘आय’ किंवा ‘ई’ हे अक्षर आलं की ‘चहा’चा ‘च’ होतो, म्हणून चेलो, म्हणून कोन्चेर्तो. तिथेच मधे ‘एच’ घातला की ‘क’ होतो, म्हणून केरुबीनी, बोक्केरीनी. ‘एस’ आणि ‘सी’ जोडून पुढे ‘आय’ किंवा ‘ई’ आलं की ‘श’, म्हणून ‘क्रेशेन्दो’. आणि ‘आदाजो’मध्ये ‘जी’नंतर जो ‘आय’ दिसतो तो म्हणायचा नसतो, ‘ग’चा ‘ज’ व्हावा एवढ्यासाठी तो तिथे असतो. त्यामुळे ‘अडाजिओ’ नाही, ‘आदाजो’.

आता तुमच्या यादीतल्या एकेका नावाकडे येते.

बाख सोपा. फक्त ‘बाक’ नको. शेवटी गझलेतला ‘ख़’, जो तुमच्या घशात तयार आहे. मराठी ‘ख’ म्हटला तरी चालेल, पण तुम्हाला येतोय तर नुक्त्यासकट घ्या.

शोपॅं आणि सॅं-साँस ही दोन नावं नाकातली आहेत. त्यांच्याबद्दल मला तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगायचीय. मी तरुणपणी एका रेडिओ केंद्रावर निवेदिका होते. रात्रीच्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रिकेवरचं नाव वाचून मी ‘सेंट सेन्स’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी केंद्रावर वाजवायला येणारे एक वयस्कर गोवेकर व्हायोलिनवादक मला कँटीनमध्ये भेटले. गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकलेले, पुढे मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदांत आयुष्य काढलेले. त्यांनी कालचा विषय काढला, पण माझी चूक झाली असं काही म्हटलं नाही. माझ्या हातातला कागद घेतला, पाठीमागे देवनागरीत ‘हांव’ लिहिलं आणि म्हणाले, ‘हें म्हण गो.’ कोकणीत ‘हांव’ म्हणजे ‘मी’. मी म्हटलं. ‘आता तो शेवटचा व सोड, नाक तेवढं राहू दे.’ मी म्हटलं, ‘हां’. ‘आता ह काढ, स घाल, आणि शेवटी आणखी एक स.’ साँस. हिंदीतला श्वास तो. झालं त्या नावाचं दुसरं अर्धं. पहिल्या अर्ध्यासाठी ‘सॅं’, म्हणजे ‘बॅट’मधला ‘ॲ’ नाकातून. चहा निवायच्या आत मला ते नाव आलं आणि ते आजपर्यंत गेलेलं नाही. त्या कागदावरचं त्यांचं ते वळणदार ‘हांव’ मी पुष्कळ दिवस जपून ठेवलं होतं.

म्हणून सांगते, नाकातले स्वर परके मानू नका. मालवणीत ‘खंय’ म्हणतात, जुन्या मराठीत ‘म्यां’, ‘त्वां’ होतं, अभंग म्हणताना ते आजही आपल्या तोंडी येतं. प्रमाण मराठीतून ते गेलं, इतकंच. ‘शोपॅं’ म्हणताना ‘पॅ’पाशी आवाज नाकात न्या आणि तिथेच थांबा. मागे ‘न’ लागू देऊ नका. जीभ टाळूला लागली की ‘न’ झाला, ती खालीच राहिली पाहिजे.

आणि त्या पहिल्या रांगेतल्या गृहस्थांविषयी. शोपॅं १८१० साली पोलंडमध्ये जन्मला. वडील फ्रान्समधून तिकडे गेलेले, आई पोलिश. आयुष्याचा उत्तरार्ध पॅरिसमध्ये गेला, पण काळीज वॉर्सातल्या चर्चमध्ये ठेवलेलं आहे, त्याच्याच इच्छेप्रमाणे. पोलिश माणसं त्याला ‘शॉपेन’ म्हणतात, ‘न’ स्पष्ट म्हणून. म्हणजे ‘शोपॅं’ बरोबर आणि ‘शॉपेन’ही बरोबर, दोन देश त्याला आपला म्हणतात म्हणून. त्या गृहस्थांना अर्धी गोष्ट माहीत होती. पण पूर्ण माहीत असती तरी भर सभेत निवेदिकेला मधेच तोडणं चुकीचंच होतं. ज्याला खरंच नाव नीट घेतलं जावं असं वाटतं, तो मध्यंतरात विंगेत येऊन हळूच सांगतो. त्या हसण्याचं ओझं तुम्ही वर्षभर वाहिलंत याचं मला मनापासून वाईट वाटलं.

देब्युसी. फ्रेंच उच्चारात पहिला स्वर जवळजवळ ‘द’ एवढाच असतो, पुढे ‘ब्यु’ आणि ‘सी’. या ‘यु’ची एक युक्ती आहे : ओठांचा चंबू ‘उ’साठी करायचा आणि आतून ‘ई’ म्हणायचं. आरशासमोर करा. न जमल्यास ‘देब्युसी’ म्हणून पुढे जा. ‘क्लेर द ल्यून’ या त्याच्या रचनेच्या नावातही तोच स्वर आहे. त्याचा अर्थ चांदणं. मी तुमच्या जागी असते तर फ्रेंच नाव एकदा घेतलं असतं आणि मग ‘चांदणं’ म्हटलं असतं. तो शब्द ऐकून लोक पियानोकडे वेगळ्या कानाने वळतील. तसंच सॅं-साँसचं ‘हंस’. ‘ल सीन्य’ म्हणायच्या फंदात पडू नका, ‘हंस’ पुरेसं सुंदर आहे. १८८६ साली त्याने प्राण्यांवर एक गमतीदार मालिका रचली आणि हयातीत ती छापायला मनाई केली. एकट्या ‘हंसा’ला तेवढी परवानगी दिली. निवेदनात ही गोष्ट सांगा, सभागृह उच्चार विसरून चेलोची वाट बघेल.

बार्टोकचं नाव हंगेरियन आहे, आणि हंगेरियन उच्चारांत दोन गोष्टी पक्क्या आहेत. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर. आणि वर तिरकी रेघ नसलेलं तिथलं रोमन ‘ए’ अक्षर आपल्या ‘ऑफिस’मधल्या ‘ऑ’सारखं. म्हणून ‘बॉर्तोक’, आणि पहिलं नाव ‘बेलॉ’. त्यांच्याकडे आडनाव आधी येतं, ‘बॉर्तोक बेलॉ’. मराठीत तुम्ही ‘बेला बार्तोक’ म्हणालात तर मी काही म्हणणार नाही, फक्त ‘टो’ऐवजी ‘तो’ घ्या. त्याच्याबरोबर गावोगाव फोनोग्राफ घेऊन लोकगीतं गोळा करणाऱ्या त्याच्या मित्राचं नाव तर अक्षरांवरून ‘कोडाली’ वाटतं, ते आहे ‘कोदाय’. हंगेरियनमध्ये एकटा ‘एस’ म्हणजे ‘श’ आणि ‘एस-झेड’ म्हणजे ‘स’. म्हणून वाद्यवृंद-संचालक ‘सोल्टी’ खरं तर ‘शोल्ती’, आणि ‘लिझ्ट’ हा ‘लिस्त’.

बेथोवन यादीत नाही, पण कधीतरी येईलच. त्या नावात ‘थ’ नाही. ‘बेट’ आणि ‘होफन’ असे दोन तुकडे आहेत, मधे किंचित जागा सोडून म्हणायचे : बेट-होफन. पुढचा ‘फान’ आहे, ‘फॉन’ नाही. त्याचे आजोबा फ्लँडर्समधल्या मेखेलनहून बॉनला आले, आणि तिकडे ‘फान’ म्हणजे फक्त ‘अमुक गावचा’, आपल्या ‘-कर’सारखा. जर्मन ‘फॉन’ सरदारकीची खूण असतो, म्हणून ती गल्लत करू नये. वाग्नर, शूमान, हायडन, मालर ही नावं आहेत तशी म्हटली तरी जमतात. वाग्नरचा ‘व’ आपल्या ‘वारा’तल्या ‘व’च्या बराच जवळ आहे, त्याला ‘व्ह’ करायची गरज नाही. जर्मन ‘ए-यू’ म्हणजे ‘आउ’ : श्ट्राउस. आकाशवाणीच्या सकाळच्या त्या जुन्या धूनचं श्रेय ज्याला दिलं जातं, तो १९३४ साली मुंबईत आलेला वाल्टर काउफमान आपल्याकडे ‘कॉफमन’ झाला. बारा वर्षं मुंबईत राहिलेल्या माणसाचं नाव तरी आपण नीट घ्यायला हवं, असं मला नेहमी वाटतं.

हॅन्डलबद्दल मात्र उलट सांगेन. जर्मन उच्चार ‘हेंडल’, पण तो लंडनला स्थायिक झाला, १७२७ साली ब्रिटिश नागरिक झाला, आपलं नाव वरचे ठिपके काढून लिहू लागला. त्याने स्वतःच इंग्रजी रूप स्वीकारलं, तेव्हा ‘हॅन्डल’ म्हणायला काहीच हरकत नाही. नाव ज्याचं, त्याचा त्यावर पहिला हक्क.

द्वोर्झाक मुद्दाम शेवटी ठेवलाय. चेक भाषेतलं ते ‘र’वर छोटा पक्षी बसलेलं अक्षर म्हणजे ‘र’ आणि ‘झ’ एकाच वेळी. ‘र’साठी जीभ थरथरवायची आणि त्याच श्वासात ‘झ’ घासायचा. चेक मुलांनाही हा आवाज सगळ्यात शेवटी येतो, काहींना तर त्यासाठी तज्ज्ञांकडे न्यावं लागतं. त्यामुळे तुम्हाला पंधरा दिवसांत हुबेहूब येईल असं मी म्हणणार नाही. ‘द्वोर्झाक’ असं ‘र्झ’ जोडून म्हणा. ‘द्वोराक’पेक्षा ते कितीतरी जवळचं आहे. आणखी एक : जोर ‘द्वोर्’वर, पण लांबी ‘झाक’ला. इंग्रजी तोंडाला जोर एकीकडे आणि लांबी दुसरीकडे हे फार जड जातं. आपल्याला ऱ्हस्व-दीर्घ वेगळे सांभाळायची सवय आहे, तुम्हाला ते चटकन येईल. ‘यानाचेक’, ‘स्मेतना’ या चेक संगीतकारांच्या नावांनाही हेच लागू, जोर पहिल्या अक्षरावर.

आता मराठी वाक्याचं. हे नाव आपल्या वाक्यात यायचं तर त्याला आपले प्रत्यय लागणार, आणि तिथेच नाव मराठीत रुळतं. ‘द्वोर्झाकची ह्युमोरेस्क’, ‘शोपॅंचं नॉक्टर्न’, ‘सॅं-साँसचा हंस’. सामान्यरूप करू नका, ‘बाखाचे’ नको, ‘बाखचे’. म्हणून बघा, प्रत्यय लागला की तो परका आवाज आपोआप वाक्याच्या ओघात येतो आणि मिरवल्यासारखा वाटत नाही. मिरवणं कधी वाटतं ठाऊक आहे? नावाच्या आधी क्षणभर थांबलं, भुवया वर केल्या, आवाज बदलला की. तुम्ही ‘मेहदी हसन’ म्हणताना थांबता का? तसंच हे. आणि गंमत म्हणजे चेक लोकही आपल्यासारखेच नावाला प्रत्यय लावतात, द्वोर्झाकची सिम्फनी त्यांच्याकडे ‘द्वोर्झाकोवा’ होते.

शब्दांचं मी वेगळं ठेवेन. माणसांची नावं शक्य तितकी त्यांच्यासारखी घ्यावीत. मराठीत मुरलेले शब्द मात्र मुरलेलेच राहू द्या. व्हायोलिन, पियानो, सिम्फनी, ऑर्केस्ट्रा यांना हात लावू नका. गावांचंही तसंच, पॅरिसला ‘पारी’ म्हणण्याचं कारण नाही. ‘टेम्पो’ म्हटलं की सांगलीत हळदीची पोती आठवणार, तिथे सरळ ‘लय’ म्हणा. पण ‘आदाजो’ला ‘विलंबित’ म्हणू नका, त्या शब्दाबरोबर आपला ख्याल आणि ठेका सगळं येतं. ‘संथ’ पुरे. ‘आल्लेग्रो मा नॉन त्रोप्पो’ वाचायचं असेल तर वाचा आणि अर्थ सांगा : जलद, पण फार नाही. ‘आल्लेग्रो’चा मूळ अर्थ ‘आनंदी’ आहे, हेही सांगितलंत तर ऐकणाऱ्याला काहीतरी हाती लागेल. मोत्सार्टचं ‘आल्ला तुर्का’ म्हणजे ‘तुर्की ढंगाचं’, तुर्की सैन्याच्या ढोल-झांजांची नक्कल पियानोवर. ओपसचे, म्हणजे रचनेच्या क्रमांकाचे, आणि सूचीचे आकडे बोलायची गरज नाही, ते पत्रिकेत असतात. फार तर ‘ओपस नऊमधलं दुसरं नॉक्टर्न’ एवढं, म्हणजे जाणकारांना नेमकं कळेल.

तयारी अशी करा. पत्रिका इंग्रजीत आली की पहिल्याच दिवशी सगळी नावं देवनागरीत उतरवा आणि इंग्रजी कागद पिशवीत टाका. स्टेजवर तो नेऊच नका, डोळ्यांना स्पेलिंग दिसलं की जीभ तिकडे वळते. माझ्या कार्डांवर मी नाव तोडून लिहीत असे, जोर द्यायच्या अक्षराखाली रेघ, नाकातल्या स्वरावर लाल टिंब. उच्चार कुणाकडून घ्यायचा, याचा मात्र विचार करा. इंटरनेटवर ‘उच्चार शिका’ म्हणून जे यांत्रिक आवाज असतात, त्यांतले कित्येक इंग्रजी नियमांनीच वाचतात. त्यापेक्षा ‘फोर्वो’सारख्या ठिकाणी त्या त्या देशाची माणसं स्वतः बोललेली असतात, त्यांतल्या दोन-तिघांचं ऐका. त्या देशाच्या रेडिओवरचे निवेदक ऐका, आपल्याच व्यवसायातली माणसं ती. आणि मुलीच्या बाईंना विचारा. विचारल्याने मान कमी होत नाही, गेल्या वर्षी कुणी विचारलं असतं तर पत्रिका इंग्रजीत देणाऱ्यांनाही त्याची जाणीव झाली असती. रोज सकाळी दहा मिनिटं अख्खी वाक्यं मोठ्याने म्हणा, सुटी नावं नव्हे. सुटं नाव घरी जमतं आणि वाक्यात घसरतं.

आणि घसरलंच तर पुढचं वाक्य घ्या. माफी मागायची नाही, मागे वळून दुरुस्त करायचं नाही. त्याच कार्यक्रमात ते नाव परत येईल, तेव्हा नीट घ्या.

राहिल्या प्रागच्या पाहुण्या. कार्यक्रमाच्या आधी, त्या चेलो लावत बसतील तेव्हा नको, चहाच्या वेळी त्यांच्याकडे जा. त्यांचं नाव त्यांच्याच तोंडून तीन वेळा म्हणवून घ्या, विचारून फोनवर ध्वनिमुद्रित करा, आणि त्यांच्यासमोरच देवनागरीत लिहा. मग तुम्ही म्हणा आणि त्या मान डोलवेपर्यंत म्हणत राहा. ‘द्वोर्झाक’ही त्यांच्याकडून ऐका, तो ‘र’ इतक्या जवळून ऐकायची संधी सांगलीत रोज येत नाही. त्या तुमचं नाव विचारतील. पत्राखालच्या तुमच्या आडनावात एक ‘ळ’ आहे. तो त्यांना पहिल्यांदा जमणार नाही. घाई करू नका, जीभ मागे वळवून कुठे लावायची ते दाखवा आणि परत म्हणायला सांगा.